सत्यशीलाबाईंचा ‘राखण’

सत्यशीलाबाई खुर्चीवर टेकलेल्या मला फार थोड्या वेळा दिसल्या. मी शाळेचा कारकून, व्यंकटराव. ताडकळसच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची शाळा आणि शाळेच्या दारातच माझी खोली, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोण किती उशिरा आलं हे माझ्या नजरेतून सुटत नसे. बाई गणित शिकवत. मधल्या सुट्टीत बाकीचे शिक्षक डबे उघडून बसले की बाई व्हरांड्यात चकरा मारत भाकरी खात.

“बाई, बसून खा, अंगी लागंल,” असं मी म्हणालो की त्या म्हणत, “बसले की कुनीतरी उठवंल असं वाटतंय, व्यंकटराव.”

मी हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जिल्ह्यात जे पेटलं त्यात बाईंच्या गावातली बौद्ध वस्ती जळाली. बाई तेव्हा परभणीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. त्यांची आई सरजाबाई नेसत्या लुगड्यानिशी वाचली. बाईंच्या गुणपत्रिका, दाखले, सगळं घरासोबत गेलं. पुढे दोन वर्षं कचेऱ्यांत खेटे घालून त्यांनी एकेका कागदाची दुय्यम प्रत मिळवली. कागदांची ती पिशवी त्या रोज शाळेत आणत आणि रोज घरी नेत. शाळेच्या कपाटात ठेवा म्हटलं तरी ठेवत नसत.

शहाऐंशी साली सरकारी योजनेतून शाळेला दोन संगणक आले. परभणीतल्या मोठमोठ्या शाळा सोडून ते आमच्या गावात कसे आले, ते संस्थेचे सचिव भगवानराव यांच्या वजनाला विचारावं. त्यांनी खोलीला हिरवे पडदे लावले आणि दारावर पाटी ठोकली, ‘चपला बाहेर काढाव्यात’. आमच्या गावच्या मारुतीलासुद्धा एवढा मान नव्हता. मात्र दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला जायला कोणी तयार होईना. एकाचं शेत, एकाची बायको बाळंत, एकाला यंत्राचा शॉक बसण्याची भीती. शेवटी बाईंना पाठवलं, कारण बाईंनी नाही म्हटलं असतं तर कोणी ऐकून घेतलं नसतं.

परत आल्यावर त्या यंत्रापुढे मात्र बसू लागल्या. शाळा सुटली की दोन तास, लाइट असेल तर. सहा महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं आणि पडद्यावर एक खेळ दाखवला. नाव ‘राखण’. खाली ज्वारीचं रान, म्हणजे उभ्या रेघा आणि त्यांच्या डोक्यावर फुल्या, ती कणसं. वरून पाखरं उतरायची. प्रत्येक पाखराच्या पायाशी एक गुणाकार. उत्तर बरोबर टाइप केलं की गोफणीचा दगड सुटायचा आणि पाखरू उडायचं. चुकलं की एक कणीस कमी. मी कारकून माणूस, बेरीज-वजाबाकीत हयात गेली, तरी दोन मिनिटांत माझं सगळं रान पाखरांनी खाल्लं.

“हे सुचलं कुठून बाई?”

“लहानपनी मालकाच्या रानात मी माळ्यावर हुभी ऱ्हायची, हुरड्याच्या दिवसांत. रोजानं. एकटीला कटाळा यायचा, मग पाढे म्हनायची. तेराचा पाढा झाला की एक गोफण.”

माझ्या वडिलांच्या रानातही अशा मुली माळ्यावर, म्हणजे पिकातल्या उंच मचाणावर, उभ्या असत. मी त्यांतल्या एकीचंही नाव कधी विचारलं नव्हतं.

नववीतली मनकर्णा, पाच एकरवाल्या सिताराम कच्छव्यांची मुलगी, तेवढी बाईंच्या मागे मागे संगणकाच्या खोलीत जायची. खेळ बघून ती म्हणाली, “बाई, पाखरं अशी कायमची जात न्हाईत. हिकडून हाकललं की तिकडच्या बांधाला बसत्यात.” बाईंनी आठ दिवस खपून तेही खेळात घातलं. उडालेला थवा पुन्हा दुसऱ्या बाजूने उतरू लागला आणि खेळाला जीव आला. पोरं मधल्या सुट्टीत जेवण सोडून खोलीपुढे रांग लावायची, दारात चपलांचा ढीग. ज्यांना सातचा पाढा येत नव्हता ती पोरं सतराचा घोकू लागली.

आता माझी चूक सांगतो. सत्त्याऐंशीचं जिल्हा विज्ञान प्रदर्शन आलं. त्याच्या फॉर्मात ‘विद्यार्थ्याचे नाव’ असा रकाना होता, शिक्षकाला रकानाच नव्हता. पद्धतच तशी. धरण असो की ज्वालामुखी, थर्माकोल सर कापतात आणि टाळ्या मुलगा घेतो. सगळ्या जिल्ह्यात हेच चालायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मी फॉर्म भरला, ‘कु. मनकर्णा सिताराम कच्छवे’. बाई वर्गावर होत्या, फॉर्म पाचच्या एसटीने जायचा होता, त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

‘राखण’ जिल्ह्यात पहिला आला, पुढे राज्याच्या प्रदर्शनाला गेला. मनकर्णाला मोठं सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं, ‘राखण या संगणक-खेळाची निर्माती’. प्रार्थनेच्या वेळी भगवानरावांनी ते वाचून दाखवलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. नंतर माझ्या खोलीच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, “ह्याच्यात मी कुठं हाय, व्यंकटराव?”

“शाळेचं नाव हाय की बाई,” मी म्हणालो.

त्या गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. खेळ मात्र फिरत राहिला. तो साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवलेला असे. अशीच यंत्रं मिळालेल्या शाळांचे शिक्षक रिकामी कॅसेट घेऊन येत आणि नक्कल करून नेत. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतली पोरं बाईंच्या माळ्यावर उभी राहिली, देव जाणे. बाईंचं नाव त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

त्र्याण्णवपर्यंत आमच्यातला एक संगणक मेला आणि दुसरा मरायला टेकला. ऑक्टोबरात पुण्याहून एक पत्र आलं. तिथल्या काही तरुण मंडळींनी नव्या यंत्रांसाठी शाळेचे जुने खेळ पुन्हा काढायचं ठरवलं होतं. दहा खेळांच्या संचात त्यांना ‘राखण’ हवा होता. मात्र कर्त्याचं नाव कळवावं आणि ज्याचा ज्याचा खेळावर हक्क पोहोचत असेल त्या प्रत्येकाची ना-हरकत एकतीस डिसेंबरच्या आत पाठवावी, अशी अट होती. पत्रावर पत्ता होता, ‘कु. मनकर्णा कच्छवे, द्वारा शाळा’.

मी ते पत्र बाईंच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं, घडी घातली, उघडलं, पुन्हा वाचलं.

“व्यंकटराव, ह्या बारीला माझं नाव यायला पायजे,” त्या म्हणाल्या. “मला त्याच्यातून दुसरं काईच नको. नाव पायजे. पूर्ण.”

तेव्हापासून त्यांचा पाय जमिनीला ठरेना. रोज सकाळी पहिला प्रश्न, “काई कळलं का?” काय कळणार? आम्ही दोघं परभणीला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. हा विषय कोणत्या टेबलाचा, हे ठरायलाच तीन चकरा झाल्या. शेवटी एका साहेबांनी चष्मा वर करून सांगितलं की यंत्र शासनाचं, तेव्हा यंत्रात जे तयार झालं तेही शासनाचं असू शकतं, वरून मार्गदर्शन मागवावं लागेल.

“खडू बी शासनाचाच असतो साहेब,” बाई म्हणाल्या. “मग फळ्यावरचं गणित शासनाचं होतंय का?”

साहेब हसले आणि त्यांनी लिहून दिलं की शासनाने फक्त यंत्र दिलं आहे, बाकी शाळेने बघावं. एक कागद झाला. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

दुसरा कागद मनकर्णाचा. तिचं सासर देवगाव फाट्याजवळ. ती सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये संगणकावर तात्पुरती कामाला होती आणि जानेवारीत परभणीला तिची कायम नोकरीची मुलाखत होती. तिच्या अर्जाला जोडलेला सगळ्यात भारी कागद म्हणजे तेच सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. बाईंना हे कळलं आणि त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. दिवसही धड नव्हते. नामांतराचं आता काहीतरी होणार म्हणून जो तो दबून बोलत होता, कुठे एसटीवर दगड पडल्याची बातमी, कुठे नुसतीच अफवा. आम्ही एसटीत चढलो तर बाई दर थांब्याला उतरायला बघत.

“परत जाऊ, व्यंकटराव. त्या पोरीला मी काय सांगू? तुझं प्रमाणपत्र खोटं हाय म्हनून लिहून दे?”

“मग नाव सोडा,” मी वैतागून म्हणालो.

“ते बी सुटंना,” त्या म्हणाल्या आणि पिशवी छातीशी धरून उभ्याच राहिल्या. बसायला जागा होती.

मनकर्णा अंगणात तांदूळ निवडत होती. बाईंना बघून ती सूप तसंच टाकून उठली, पाया पडली. बाईंनी कसंबसं सांगितलं, निम्मं मीच सांगितलं. ती ऐकता ऐकता रडायलाच लागली. मला वाटलं, संपलं.

“बाई, सहा वर्षं झाली, मला त्या कागदाचं भ्याव वाटायलंय,” ती म्हणाली. “मागच्या मुलाखतीला एकानं इचारलं, हा खेळ कसा केला सांगा. माझी बोबडी वळली. बाहीर येऊन लय रडले. मीच तुमच्याकडं येनार होते, पर कोन्या तोंडानं यावं?”

“पर थवा तर तूच सांगितला की,” बाई म्हणाल्या.

“मग तेवढंच माझं. खेळ तुमचा.”

तिथेच तिच्या ओट्यावर मी कागद लिहिला. कर्त्या म्हणून बाईंचं पूर्ण नाव, सहकार्य म्हणून मनकर्णाचं पूर्ण नाव. प्रमाणपत्र पुरतं खोटंही पडत नव्हतं आणि खऱ्या कर्तीचं नावही येत होतं. दोघींनी सह्या केल्या. परत येताना बाई एसटीत खिडकीपाशी बसल्या, फाट्यापासून पार परभणीपर्यंत. यंत्रापुढचं सोडलं तर मी त्यांना इतका वेळ बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला लय बरं वाटलं.

उरली संस्था. खेळ शाळेत झाला, म्हणून तिचीही ना-हरकत हवी. शनिवारी मी कागद घेऊन भगवानरावांच्या वाड्यावर गेलो. वाईट माणूस नव्हे हो, शाळेसाठी रक्त आटवलेला माणूस. त्यांनी कागद वाचला आणि बोट एका जागी ठेवलं.

“खेळ जाऊ द्या पुन्याला, शाळेचं नाव व्हईल. पर हे आडनाव गाळा.”

“कोणाचं, साहेब?”

“बाईचं. ‘सत्यशीलाबाई’ एवढंच ठेवा. गावाला कळतंय की. ‘वाघमारे’ कशाला पायजे? दिवस कसे हायत बघायलाव ना? उद्या कुनी म्हनंल, शाळेनं बाजू घेतली.”

“आणि मनकर्णाचं आडनाव?”

“तिचं ऱ्हाऊ द्या की. तिचं काय अडलंय?”

मी मूग गिळून परत आलो. एवढंही विचारलं नाही की एकीचं अडतं आणि दुसरीचं का अडत नाही. उत्तर त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. बाईंना मी व्हरांड्यातच सांगितलं. त्यांनी चकरा थांबवल्या.

“जळलेल्या कागदावर बी पूर्ण नाव होतं माझं,” त्या म्हणाल्या. “अर्धं नाव मी घेनार न्हाई. तसं सांगा त्यांना.”

मी सांगितलं नाही. मी दुसराच उद्योग केला, आणि त्या वेळी मला तो फार शहाणपणाचा वाटला. दर शनिवारी मी सचिवांकडे सह्यांचा गठ्ठा नेत असे. ते अंगणात न्हाव्यापुढे दाढीला बसलेले असत, मांडीवर पाट, आणि मी एकेक कागद पुढे सरकवला की न वाचता खाली सही ओढत. वर्षानुवर्षं असंच चालायचं. पुढच्या शनिवारी मी बाईंच्या पूर्ण नावाचा कागद रजेचे अर्ज आणि खडूच्या मागणीपत्रांच्या मधोमध घातला. गालाला साबण लागलेला, मान वर केलेली. सही झाली. मी शाळेत येऊन संस्थेचा गोल शिक्का मारला आणि तडक बाईंच्या घरी गेलो. सरजाबाईने चहा टाकला. मी कागद असा पुढे केला की जणू मीच विद्यापीठ आहे.

बाईंनी तो वाचला. आधी त्यांचा चेहरा उजळला, खोटं कशाला सांगू, पूर्ण उजळला. मग त्यांनी विचारलं, “वाचून सही केली का त्यांनी?”

“दाढी चालू होती,” मी हसत म्हणालो.

“व्यंकटराव,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चढला, “तवा बी तुमी मला न इचारता लिवलं आन् आता बी न इचारताच लिवून आनलंत! मी काय मागितलं होतं? नाव चोरून आना म्हनलं होतं का? उद्या त्यांना कळलं की ते म्हनतील, वाघमारेबाईनं फसवून सही घेतली. सगळ्या गावाला तेवढंच पायजे हाय!”

सरजाबाई चुलीपाशीच थांबली. मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं. सोळा वर्षांची कारकुनी आणि माझ्या डोक्यात हे आलं कसं नाही, याचा मला राग आला. आणि खरं सांगायचं तर, बाईंचाही आला.

बाई तशाच पायांत चपला सरकवून निघाल्या. मी मागोमाग. भगवानराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. बाईंनी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“साहेब, ह्याच्यावर तुमची सही हाय. तुमी ती वाचून केली नव्हती. आता वाचा आन् सांगा, ऱ्हाऊ देऊ का?”

भगवानरावांनी वाचलं. माझ्याकडे असं बघितलं की माझ्या नोकरीची सगळी वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली. सुपारी बाजूला सारून त्यांनी कागद पुन्हा वाचला. बाई समोरून हलल्या नाहीत. मला अजून वाटतं, त्या घटकेला त्यांच्या मनात ‘ऱ्हाऊ द्या’ आलं असावं. पण तेवढ्यात फाटकातून दोघं-तिघं गावकरी आत आले आणि भगवानरावांनी खिशातून पेन काढून आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली.

“आडनाव गाळून आना,” ते हळूच म्हणाले. “मी आत्ता करतो सही.”

“न्हाई,” बाई म्हणाल्या, आणि कागद पिशवीत घालून बाहेर पडल्या.

सोमवारी मला मेमो मिळाला. तो मीच टाइप केला, कारण शाळेत टाइप करणारा मी एकटाच. मनकर्णाने निरोप पाठवला की संस्थेला सोडा, आमच्या दोघींच्या सहीवर पाठवा. मी पुण्याला विचारून पाहिलं. उत्तर आलं की प्रत्येकाची ना-हरकत लागेलच, उद्या भांडण उभं राहिलं तर संचच बंद पडेल, दिलगीर आहोत. त्यांचंही काही चुकत नव्हतं. चुकत कोणाचंच नव्हतं, आणि ज्या बाईने खेळ केला तिलाच तो देता येत नव्हता.

एकतीस डिसेंबरला शाळा सुटल्यावर बाई माझ्या खोलीत आल्या. हातात एक पत्र. पुण्याच्या मंडळींना लिहिलेलं, चार ओळींचं. ‘राखण’ हा खेळ माझा आहे. अर्ध्या नावाने तो देणार नाही आणि पूर्ण नावाने देऊ दिला जात नाही. त्यातला थवा मनकर्णा सिताराम कच्छवे हिने सुचवला आहे. आमच्या दोघींशिवाय कोणाचं नाव घालून तो काढू नये.

“टपालपेटीत टाकू?” मी विचारलं.

“टपालपेटीत कशाला? खेळ शाळेचा हाय म्हनतात ना ते? मग पत्र बी शाळेतूनच जाऊ द्या. जावक वही काढा.”

शाळेतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्या वहीत चढतो. पानांना छापील आकडे असतात, पान फाडता येत नाही, ओळ खोडली तर तपासणीला कारण द्यावं लागतं. मी बाईंकडे बघितलं. मग दार उघडंच ठेवलं, वही उघडली, आणि या खेपेला आधी विचारलं, “काय लिहू, बाई?”

त्यांनी सांगितलं, तसं मी लिहिलं. प्रेषक, सत्यशीला सटवाजी वाघमारे, ‘राखण’ खेळाच्या कर्त्या. विषय, स्वतःचा खेळ देता येत नसल्याबाबत.

बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, वही आपल्याकडे फिरवून ती ओळ बोट ठेवून वाचली, आणि म्हणाल्या, “आता मारा शिक्का.”